शिमग्याआधी रानकोंबड्याचा माग कसा काढावा

आमची काजूची बाग कुडाळहून घाटाच्या बाजूला, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आहे. वर कातळ, खाली व्हाळ, म्हणजे ओढा, आणि मध्ये करवंदीच्या जाळ्या. या जाळ्यांत राखी रानकोंबडे राहतात. लग्न होऊन आले त्याच थंडीत मामंजींनी एकदा मला पहाटे उठवून सड्यावर नेलं. तरुणपणी त्यांनी ठासणीच्या बंदुकीने शिकार केली होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा बंदूक सुटली, माग काढायची सवय मात्र राहिली. मी अंधारात इकडेतिकडे बघत होते, तर म्हणाले, "डोळे मिट गो, आणि आयक. कोंबो खय आसा ता कानाक कळता, डोळ्याक नाय."

मी आता माग काढते तो दोन कारणांसाठी. एक, बागेत साफसफाईचे गडी लावण्याआधी कोणत्या जाळ्यांना हात लावायचा नाही ते ठरवायचं असतं. दुसरं, शिमग्यानंतर कुणाला पक्षी दाखवायचा तर त्याच्या मागे रानभर फिरावं लागू नये. रानकोंबड्याची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते मे या दिवसांत होते. शोधाशोध काय करायची ती संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत उरकून घ्या. एकदा मादी अंड्यावर बसली की जाळ्यांत शिरायचं नाही.

आधी आवाज. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास वर येतो. मी सहाच्या आधी कातळावर जाऊन बसलेली असते. कोंबडा रात्र झाडावर किंवा बांबूच्या बेटात काढतो आणि उजाडता उजाडता तिथूनच पहिली बांग देतो. ही बांग गावठी कोंबड्यासारखी लांबत जात नाही. तुटक, खरखरीत असते: कुक्, कया-कया, कुक्. शेवटी हळू आवाजात क्युकुन, क्युकुन असं काहीतरी येतं, ते जवळ असलात तरच ऐकू येतं. वाडीतले गावठी कोंबडे आधीपासूनच ओरडत असतात, त्यामुळे पहिले दोनतीन दिवस कान गोंधळतो. मोठा कोतवाल, तोच लांब शेपटीच्या दोन काड्यांना पिसं असलेला, इतर पक्ष्यांच्या नकला हुबेहूब करतो, म्हणून एकाच हाकेवर विश्वास ठेवू नका. त्याच जागेवरून तीन सकाळी आवाज आला तरच मी वहीत लिहिते.

बांग ऐकली की लगेच त्या दिशेला चालू लागायची चूक बहुतेक जण करतात. चालू नका. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघा, कागदावर बागेचा साधा नकाशा काढा आणि बसल्या जागेवरून त्या दिशेने रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी शेदोनशे पावलं बाजूला बसा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघा जिथे छेदतील तिथे त्याचं रात्रीचं झाड. चार-पाच सकाळींत उतारावर किती नर आहेत तेही कळतं, कारण एक ओरडला की पलीकडचा उत्तर देतो. मोबाइलवर बांग वाजवून त्याला बोलवायचा मोह होईल, पण तो खोट्या प्रतिस्पर्ध्याला हाकलायला खाणं सोडून धावत येतो आणि उगाच उघड्यावर पडतो. मी ते कुणालाही करू देत नाही.

उन्हं चढली, साडेनऊ-दहा वाजले, की मग खुणा बघायला उतरा. पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. आमच्या कातळावर फुरसं असतं, आणि ते पातेऱ्याच्या, म्हणजे खाली पडलेल्या वाळक्या पानांच्या, रंगाचंच दिसतं. हाताने पातेरा उचकू नका, काठीने करा. एकटं जाऊ नका. गवे अलीकडे बागांपर्यंत उतरतात आणि जाळीआडचा गवा अगदी जवळ पोचेपर्यंत दिसत नाही.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे उकरलेला पातेरा. रानकोंबडा पायांनी पातेरा मागे फेकतो, म्हणून उकरलेल्या जागेच्या एका बाजूला पानांचा ढीग लागतो आणि दुसऱ्या बाजूला माती उघडी पडते. तो कोणत्या दिशेने चरत गेला ते त्या ढिगांवरूनच समजतं. जाताना ढीग मागे पडत जातात. माती अजून ओली, काळपट असेल तर उकिरणं आज सकाळचं. सुकून लाल झाली असेल तर कालचं किंवा त्याआधीचं. रानडुकराने नांगरलेली जागा खोल आणि ओबडधोबड असते, मुळं वर आलेली असतात, त्यात गोंधळायचं कारण नाही. चकोत्रीही (तितरासारखा एक रानपक्षी) पातेरा उकरते. ती रानकोंबडीपेक्षा लहान, त्यामुळे तिने उकरलेल्या जागाही लहान आणि जाळीच्या अगदी आत असतात. व्हाळाच्या ओल्या वाळूत पाऊल मिळालं तर घरच्या कोंबडीचं पाऊल आठवा, आकार जवळजवळ तोच. मोराचं पाऊल त्याहून बरंच मोठं.

दुसरी खूण धुळीचा खळगा. करवंदीच्या कडेला, सकाळचं ऊन पडतं अशा भुसभुशीत लाल मातीत परातीएवढा उथळ खळगा दिसतो. कोंबड्या त्यात अंग घुसळून पिसांतले कीटक झाडतात. मातीचा वरचा थर पिठासारखा मऊ असेल आणि त्यात बारीक पिसं असतील तर खळगा वापरातला आहे. पानं पडून झाकला गेला असेल तर सोडून द्या. एका खळग्यावर त्याच कोंबड्या पुन्हा पुन्हा येतात, म्हणून मार्चमध्ये बसायला यासारखी जागा नाही.

तिसरी खूण रात्रीच्या झाडाखालची विष्ठा. चरताना पडलेली विष्ठा एकेकटी, विखुरलेली असते. रात्रभर एकाच फांदीवर बसल्यामुळे झाडाखाली मात्र तिचा थर साचतो, वर पांढरी टोकं. नकाशावरच्या रेघा जिथे छेदल्या तिथे हा थर सापडला की समजा, मोजमाप बरोबर आलं.

कधी नराच्या मानेचं पीस मिळतं. त्याच्या टोकाशी मेणाचा थेंब सुकल्यासारखा पिवळसर, चकचकीत ठिपका असतो. या ठिपक्यांपायीच हा पक्षी फार मारला गेला. परदेशात मासे पकडायच्या गळावर खोटी माशी बांधतात, तिच्यासाठी या पिसांना मोठी मागणी होती. पीस बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा.

खाणं आणि पाणी यांचा हिशेब जानेवारीतच करावा लागतो, कारण मार्चमध्ये चित्र बदलतं. थंडीत कोंबड्या पहाटे कापणी झालेल्या कुणग्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेला सांडलेलं भात टिपायला येतात, रानाच्या काठापासून फार लांब जात नाहीत. घाणेरीची फळं, वाळवी, गुरांच्या शेणातले किडे हे बाकीचं खाणं. बांबूला फुलोरा येऊन बी पडलं असेल तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या तिथे जमतात आणि बाकी जागा ओस पडतात. पाण्याचं सांगायचं तर व्हाळ आटत जातो आणि मोजके कोंड, म्हणजे डोह, उरतात. कोणता कोंड चैत्रापर्यंत टिकतो ते वाडीतल्या गुरं राखणाऱ्यांना विचारा. तो कोंड नकाशावर ठळक करा, कारण पुढे सकाळ-संध्याकाळ पक्षी तिथेच येणार.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे वसंतातल्या शिकारीच्या हंगामाआधी लोक रानटर्कीचा माग काढतात, ते त्याच्याकडून ऐकलं तेव्हा मला मामंजीच आठवले. टर्कीसुद्धा रात्री झाडावर बसते, पहाटे नर झाडावरूनच हाक देतो, लोक उकरलेला पाचोळा आणि धुळीचे खळगे शोधतात. तिथे परवाना घेऊन ठरलेल्या दिवसांत शिकार करता येते. आपल्याकडे रानकोंबडा मारणं, फासकी लावणं, अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं हे सगळं कायद्याने शिकारच. फिरताना फासकी दिसली तर फोटो काढून जागा लिहून ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. ती कोणी लावली असेल यावर तिथल्या तिथे वाद घालू नका.

आता पातेऱ्याबद्दल, कारण आमच्याकडे खरं नुकसान तिथे होतं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, माघ-फाल्गुनात लोक रानातला पातेरा झाडून नेतात, आणि काजू वेचायला सोपं जावं म्हणून बागाही खरवडून साफ होतात. कोंबडीचं ताट आणि घरटं दोन्ही त्या पातेऱ्यात असतं. घरटं म्हणजे जाळीच्या बुडाशी जमिनीत एक उथळ खोलगा, दोनचार पानं आणि त्यात चार ते सात फिक्या रंगाची अंडी. मादी एकटी सुमारे 21 दिवस बसते आणि तुम्ही दोन पावलांवर येईपर्यंत हलत नाही. एका वर्षी आईच्या आजारपणामुळे मी खालच्या उताराचा माग काढलाच नव्हता. गड्यांना सांगून टाकलं, सगळं साफ करा. त्यांनी पातेरा ओढून करवंदीपाशी पेटवला. संध्याकाळी गेले तेव्हा राखेत तडकलेली पाच अंडी होती. मादी व्हाळापलीकडून कितीतरी वेळ ओरडत होती. त्यानंतर एकही वर्ष मी जानेवारी चुकवलेला नाही.

म्हणून नकाशा पूर्ण झाला की गडी येण्याआधी ज्या जाळ्यांभोवती उकिरणं, खळगे किंवा मादीची ये-जा दिसली त्यांना जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधा. त्या जाळीच्या चहूबाजूंनी दहा पावलं पातेरा ठेवायचा, कोयता लावायचा नाही, हे गड्यांना जागेवर नेऊन दाखवा. तोंडी सांगून भागत नाही. शेजारच्या बागवाल्यांशीही बोला, कोंबडीला गडग्याची हद्द कळत नाही. वणव्याच्या दिवसांत सड्याच्या कडेने गवत कापून आगरेघ ठेवा.

बघायला बसायचं असेल तर खळग्यापासून किंवा कोंडापासून तीस-चाळीस पावलांवर, काजूच्या बुंध्याला पाठ लावून, मातकट कपड्यांत. उजेड व्हायच्या आधी बसा आणि ते चरत लांब गेल्याशिवाय उठू नका. वासाची काळजी करू नका, हालचालीची करा. तुम्ही मान वळवली की ते दिसेनासे होतात. चुकून घरट्यावर पाय पडायची वेळ आलीच तर फोटो न काढता आल्या वाटेने मागे फिरा आणि पुढचे तीन आठवडे त्या बाजूला फिरकू नका, कारण मुंगूस आणि कावळे माणसाच्या वावरावर नजर ठेवून असतात. यंदा माझ्याकडे सहा चिंध्या बांधलेल्या आहेत. सातवी बांधायची राहिलीय, व्हाळाच्या वळणावरची, तिथे काल पहाटे नवा आवाज आला.