एएफटीच्या अध्यक्षपदी बसायच्या आधीची तयारी

सैनिकांच्या डिसेबिलिटी पेन्शनचे दावे जिथं चालतात त्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं म्हणजे एएफटीचं अध्यक्षपद सुप्रीम कोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशांकडे नाहीतर हायकोर्टाच्या निवृत्त मुख्य न्यायाधीशांकडे जातं, त्यामुळे कायदा त्यांना आपण काय शिकवणार. पण माजी सैनिकांच्या फायली ज्यांनी जवळून बघितल्यात त्यांना माहितीये की या खुर्चीची तयारी निव्वळ कायद्याची नसते, म्हणून पुढे जे कोणी साहेब किंवा मॅडम येतील त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी मेडिकल बोर्डाचे, म्हणजे नोकरीतून बाहेर पडताना सैनिकाला तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे, मूळ कागद स्वतः वाचा. निकाल नंतर, आधी बोर्डाची प्रोसीडिंग्ज, आणि एकदोन नाही, चांगला गठ्ठा मागवून घ्या. भरतीच्या वेळी पोरगा सगळ्या तपासण्या पास होऊन धडधाकट आत गेलेला असतो, पंधरा-सतरा वर्षं नोकरी होते, बीपी, शुगर, मणक्याचं नाहीतर डोक्याचं काहीतरी घेऊन बाहेर पडतो, आणि बोर्ड लिहितं 'एनएएनए', म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि नोकरीनं वाढलाही नाही. कारणाच्या रकान्यात बरेचदा एवढंच, की आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर, सुरू झाला. बास, एवढ्या एका ओळीवर माणसाची पेन्शन जाते. सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं कारणं द्यायलाच पाहिजेत. 2014 चा राम अवतार निकालही हाताशी ठेवा: अपंगत्व 50 टक्क्यांच्या खाली असेल तर 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, त्याच्या वर 100. आणि आजार नोकरीमुळे धरायचा की नाही हे ठरवणारे जुने 1982 चे नियम आणि 2023 चे नवे नियम यांच्या केसचे गठ्ठे पहिल्या आठवड्यातच वेगळे करून घ्या, नाहीतर कुणाला कुठले लागू यावरच तारखा जातील.

मग स्वातंत्र्य. ट्रिब्युनल प्रशासकीय दृष्ट्या संरक्षण मंत्रालयाखाली, आणि जवळजवळ प्रत्येक पेन्शन केसमध्ये समोरची पार्टीही तेच मंत्रालय! सुप्रीम कोर्टानं 1997 साली एल. चंद्रकुमार निकालात सुचवलं होतं की सगळी ट्रिब्युनल्स एकाच नोडल मंत्रालयाखाली, शक्यतो कायदा मंत्रालयाखाली असावीत, पण एएफटीच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही. म्हणून स्टाफ, जागा, रिकामी पदं यातलं काय काय मंत्रालयाकडे मागावं लागतं त्याची यादी करा आणि मागणी कायम लेखी करा, फोनवर नको. बेंचवर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय मेंबर लागतो, एक जरी निवृत्त झाला तरी बेंच अडकते, त्यामुळे प्रत्येक बेंचच्या मेंबरांच्या निवृत्तीच्या तारखा आधीच काढून ठेवा.

अंतराचा विचार तर हवाच. मुंबई बेंचकडे महाराष्ट्र, गुजरात, गोवा. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावचा किंवा कोल्हापुरातल्या चंदगडकडचा सत्तरीतला माणूस गुडघे धरत मुंबईला येतो आणि तारीख पुढे गेली हे त्याला तिथं कळतं, हे मला बघवत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून व्हिडिओवर हजर राहता येईल अशी सोय लावा, आणि निकालात काय मिळालं ते मराठीत एका पानावर द्या. ज्याची पेन्शन आहे त्याला ते वाचता यायला नको का?

रजिस्ट्रीच्या, म्हणजे दावे दाखल करून घेणाऱ्या ऑफिसच्या, लोकांना दावा दाखल करायच्या मुदतीचं नीट समजावून द्या. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे हे खरं, पण पेन्शन दर महिन्याला थकते, त्यामुळे 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे उशिरा आलेल्या माणसाचा दावाही ऐकता येतो, थकबाकी मात्र साधारण दावा दाखल करायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. काउंटरवरूनच कुणाला परत पाठवू नका.

आणि निकालानंतरचं काय, हे आधीच ठरवून या. 2023 च्या परशोतम दास निकालानंतर एएफटीच्या ऑर्डरविरुद्ध हायकोर्टात जायचा रस्ता मोकळा आहे, त्याचा फायदा सैनिकालाही होतो पण सरकारही तिथं धावतं. 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं सरकारच्या अशा जवळपास 300 याचिका एकदम फेटाळल्या, पण तोवर लोकांची वर्षं गेली ती गेलीच. म्हणून अंमलबजावणीच्या अर्जांना आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा, सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस आणि पेन्शन कार्यालय यांच्याकडून पैसे जमा झाल्याची तारीख लेखी मागवा, आणि ज्या फायलीत अर्जदार वारलाय आणि आता बायको लढतेय ती फाईल त्या दिवशी सगळ्यात वर ठेवा.