ॲडव्हान्स्ड डायव्हर व्हायचंय? आधी हवेचा हिशेब मांडा

तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंग म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात हात धरून खाली नेतात, माशांसोबत फोटो काढतात आणि वर आणतात. त्याला प्रमाणपत्र म्हणत नाहीत. पहिलं खरं कार्ड ओपन वॉटरचं. ते मिळालं की जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. कार्ड हातात पडतं न पडतं तोच डाइव्ह सेंटरवाले विचारतात, ‘ॲडव्हान्स्ड पण करून टाकायचं का?’

त्या नावाला भुलू नका. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या पद्धतीत हा कोर्स म्हणजे पाच डाइव्ह. डीप (18 मीटरच्या खाली) आणि नेव्हिगेशन (पाण्याखाली दिशा राखणं) सक्तीच्या, बाकीच्या तीन आपण निवडायच्या, आणि शेवटी लेखी परीक्षा नाही. ओपन वॉटरच्या चार डाइव्ह संपल्या की दुसऱ्या दिवशीही तो सुरू करता येतो. म्हणजे आयुष्यात एकूण नऊ डाइव्ह झालेला माणूसही कागदोपत्री ‘ॲडव्हान्स्ड’ ठरतो. एसएसआय या दुसऱ्या संस्थेत याच नावाच्या कार्डाला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे वेगळे कोर्स) आणि 24 डाइव्ह लागतात. त्यांचा पाच डाइव्हचा कोर्स ‘ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर’ या वेगळ्या नावाचा. म्हणून कुणाचं कार्ड पाहिलं तर संस्था कोणती आणि लॉगबुकात डाइव्ह किती, हे दोन्ही विचारावं.

कोर्स घ्यावा की नाही, हे तुम्ही कुठे उतरणार त्यावर ठरतं. अंदमानात स्वराज द्वीपाजवळचे डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज हे खोल पाण्यातले खडक बघायचे असतील, मालदीवला जायचं असेल (तिथे हौशी डाइव्हला कायद्यानेच 30 मीटरची मर्यादा आहे), तर कार्ड बहुधा लागतं. सगळी हौस मालवण आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडपुरती असेल, तर तेच पैसे दहा साध्या डाइव्हवर घाला.

आता हिशेब. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर 11.1 लिटरचं. 200 बारला (बार हे दाबाचं माप, पृष्ठभागावर साधारण 1) भरलं की त्यात साधारण 2,220 लिटर हवा मावते. नवशिक्या माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरू. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून 40 लिटर. 18 मीटरवर 56. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणून 80.

50 बार शिल्लक ठेवून वर यायचं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण 30 मीटरवर जोडीदाराची हवा संपली तर? घाबरलेली दोन माणसं एकाच सिलिंडरवर, पृष्ठभागाच्या हिशेबाने प्रत्येकी मिनिटाला 30 लिटर. तळाशी सावरायला एक मिनिट: 240 लिटर. मिनिटाला 10 मीटर या वेगाने वर यायला तीन मिनिटं, सरासरी दाब अडीच बार: 450. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा): 270. एकूण 960 लिटर, म्हणजे जवळजवळ 87 बार. थोडक्यात, गेज 90 वर आलं की तळ सोडायचा. उरलेल्या 110 बारवर 30 मीटरला जेमतेम 15 मिनिटं मिळतात, त्यातलाही काही वेळ खाली उतरण्यातच जातो. मिनिटाला 25 लिटर घेणाऱ्याच्या वाट्याला 12. पॅडीच्या तक्त्यात 30 मीटरची विना-डिकंप्रेशन मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न घेता तळाशी राहता येईल तो वेळ) 20 मिनिटं आहे. म्हणजे बहुतेकांना तिथे वेळेआधी हवाच वर काढते. हवेची ही ओढ कमी झाल्याशिवाय खोल पाण्याचं कार्ड घेऊन फारसं हाती लागत नाही.

हवा जास्त जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बुडण्यासाठी लावलेलं शिशाचं जादा वजन. ते असं तपासा: पृष्ठभागावर बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा आणि हलू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, आणि श्वास सोडताच हळूहळू बुडायला हवं. ही चाचणी सिलिंडरमध्ये 50 बार असताना घ्या. भरलेल्या सिलिंडरवर घेतलीत तर वजनात दोन किलो वाढवा, कारण हवा संपता संपता सिलिंडर तेवढं हलकं होतं. साधारण 20 डाइव्ह झाल्या, हात न मारता पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहता आलं, की कोर्सला बसा.

तीनपैकी पहिली निवड डोळे मिटून बॉयन्सीची (पाण्यात न बुडता, न तरंगता स्थिर राहणं). दुसरी जिथे जाणार त्याप्रमाणे: प्रवाह असेल तर ड्रिफ्ट, नाहीतर नाइट. तिसरी नायट्रॉक्सची (जादा ऑक्सिजन असलेली हवा). पैसे भरण्याआधी विचारा की डीपची डाइव्ह नक्की कोणत्या जागी, किती मीटरवर. ती 18 च्या खालीच व्हायला हवी, त्यामुळे उथळ किनाऱ्यावर ती होऊच शकत नाही. एका प्रशिक्षकामागे दोन-तीनपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर दुसरं सेंटर बघा. नेव्हिगेशनमध्ये होकायंत्रावर पोहून काढायचा चौकोन बिघडतो तो बहुतेकदा ते तिरपं धरल्याने, किंवा अंगाच्या रेषेत न ठेवल्याने.

नायट्रॉक्सचं पूर्ण कार्ड मात्र जरूर घ्या. पैसा वसूल करणारं ते पहिलं. 32 टक्के ऑक्सिजन असला की नायट्रोजन कमी शोषला जातो, तळाशी वेळ वाढतो. पण खोलीची मर्यादा घट्ट होते: ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.4 बार धरला तर 32 टक्क्यांना सुमारे 33 मीटर, 36 ला 28. त्याखाली झटके येऊन तोंडातला रेग्युलेटर सुटू शकतो. सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा, टक्केवारी आणि कमाल खोली त्यावर लिहा, मग मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा भरा. सिलिंडरमध्ये साधी हवा आणि कॉम्प्युटर 32 वर, ही चूक वाईट, कारण कॉम्प्युटर खोटा जादा वेळ दाखवत राहतो.

त्यानंतर रेस्क्यू. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण गेल्या 24 महिन्यांतलं लागतं. दमलेला, घाबरलेला, बेशुद्ध डायव्हर कसा सांभाळायचा हे शिकवणारा हाच कोर्स. मास्टर स्कूबा डायव्हर (रेस्क्यू, पाच स्पेशालिटी, 50 डाइव्ह) हे मात्र मानाचं पान. त्याने नवं काही करायची मुभा मिळत नाही.

परतीचं तिकीट काढताना एक बघा. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास थांबायचं, अनेक असतील तर 18 तास. हा नियम सुमारे 600 मीटरच्या वरच्या उंचीला धरलेला आहे, आणि आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. तेव्हा दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढायचा बेत आखू नका.