साहेबांच्या हातातली डायरी काढून घेऊ नका

वकिलांचा कारकून म्हणून मला चोवीस वर्षं झाली, सगळी सोलापूर जिल्ह्यातल्या एकाच तालुका कोर्टात. आमचे साहेब अडुसष्ट वर्षांचे. सुप्रीम कोर्टात ई-फायलिंग, म्हणजे कागद ऑनलाइन दाखल करणं, २००६ साली सुरू झालं, कोर्टं संगणकावर आणणारा ई-कोर्ट प्रकल्प २००७ चा. आमच्या टेबलापर्यंत हे यायला पुढची पंधरा वर्षं गेली. ते कसं आणलं ते सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी नवीन ज्युनिअर येतो आणि तीच चूक करतो. पहिल्याच आठवड्यात साहेबांपुढे लॅपटॉप उघडतो. साहेब "ठेव तिकडं" म्हणतात, आणि तो तिकडंच राहतो.

साहेब कॉम्प्युटरला भीत नाहीत, तारीख चुकण्याला भितात. एक तारीख चुकली तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो आणि अशील दारात उभा राहतो. चाळीस वर्षं ती तारीख लाल शाईच्या डायरीने सांभाळली आहे. म्हणून डायरीला हात लावायचा नाही. डायरी तपासायला मोबाईल आणलाय, एवढंच म्हणायचं.

सुरुवात ई-कोर्ट सर्व्हिसेस ॲपने करा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो: आधी राज्य, मग जिल्हा, मग कोर्ट, मग अनुक्रमांक, शेवटी वर्ष. पुण्याचा असेल तर सुरुवात 'एमएचपीयू'. जुन्या फायलींवर तो नसतो. तिथे रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर, म्हणजे दिवाणी दाव्याचा क्रमांक) आणि साल टाकून शोधा. वकिलाच्या नावाने शोधायला जाऊ नका. आमच्या साहेबांचं नाव रेकॉर्डला चार प्रकारे लिहिलेलं निघालं, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. सनद नंबरने, म्हणजे वकिलाच्या नोंदणी क्रमांकाने, शोधलं तर त्यातल्या त्यात बरं सापडतं. एकेक प्रकरण 'माझे खटले'मध्ये जतन करा, आणि दर शनिवारी त्या यादीचा बॅकअप बाहेर काढून ठेवा. ही यादी तुमच्या फोनमध्ये असते. माझा फोन एकदा शेतातल्या हौदात पडला आणि तीनशेच्या वर प्रकरणं पुन्हा भरावी लागली, तेव्हा मला हे कळलं.

पुढची तारीख ॲपवर लगेच दिसेलच असं नाही. कोर्टातला माणूस ती भरेल तेव्हा दिसते. म्हणून सकाळी डायरी आणि ॲप शेजारी ठेवून ताळा करा. दोन्हींत फरक निघाला तर वाद घालत बसू नका, जाऊन रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या प्रकरणातली रोजची नोंद, बघा. आमच्याकडे असा फरक तिसऱ्या महिन्यात निघाला आणि चूक डायरीची होती, माझ्याच अक्षरातली. साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी स्वतःच विचारायला लागले, "मोबाईल काय म्हणतोय?"

एवढं झाल्यावरच ई-फायलिंगचं नाव काढा. पहिलं फायलिंग नवीन दाव्याचं नको, आणि निशाणी ५ चा मनाई अर्ज (दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज) तर मुळीच नको, त्या दिवशी सगळेच घाईत असतात. चालू प्रकरणातली एखादी पुरसिस, म्हणजे कोर्टाला काही कळवणारं छोटं लेखी निवेदन, घ्या. बिघडली तरी फारसं बिघडत नाही.

आमची पहिली पुरसिस सहीपाशी अडली. सगळं भरलं, पीडीएफ चढवली, आधारची ई-सही करायची तर ओटीपी येईना. दोनदा पाठवला. तिसऱ्या वेळी पुण्याहून साहेबांच्या मुलाचा फोन आला, "बाबा, मला हे ओटीपी का येताहेत? कुणी फसवत नाही ना?" आधारला नंबर त्याचा जोडलेला होता. तेव्हा आधी साहेबांच्या आधारला त्यांचाच मोबाईल नंबर जोडून घ्या, आणि तो फोन वहिनींकडे घरी नसून साहेबांच्या खिशात आहे ना ते बघा.

स्कॅनिंगला घाई नको. आमच्याकडे अजून हिरव्या लांब कागदाची सवय आहे. तो कागद ए-फोरच्या मापात स्कॅन केला की खालची दोन बोटं कापली जातात, आणि सही नेमकी तिथेच असते. वर हिरवा रंग काळपट येतो आणि अक्षर बुडतं. सुप्रीम कोर्ट १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेल्या ए-फोरवर आलं. तुम्हीही निदान नवीन मजकूर तरी ए-फोरवर काढा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसत्या किडा-मुंग्या दिसते, म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. टायपिस्ट कुरकुर करेल. आमचा महिनाभर करत होता.

अशील हल्ली व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि नुसत्या झेरॉक्स जोडा म्हणतात. तसं चालत नाही. आपल्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दिला की नाही हे दाखवायला व्हिडिओ होता, आणि अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला, तो कुठून कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र लागतं की नाही यावर १४ जुलै २०२० ला निकाल आला: लागतंच. प्रमाणपत्राची ही तरतूद कायद्यात २००० साली आली होती. आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा, लिहायची असते. अशिलाला पहिल्याच भेटीत बजावून ठेवा: मूळ फोन विकायचा नाही, बदलायचा नाही, त्यातले मेसेज पुसायचे नाहीत.

फायलिंग झालं की मिळणारा ई-फायलिंग नंबर कागदी फायलीच्या पाठीवर लिहा आणि त्या तारखेच्या पानावर डायरीतही. आमच्याकडे तो साहेब स्वतः लिहितात, लाल शाईने.