शाळेच्या स्टेजवर लेझीम: रांगेतून गोल कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेत स्नेहसंमेलन असो की प्रतिभा कारंजी ही कर्नाटकातली शालेय कलास्पर्धा, समूहनृत्य म्हटलं की लेझीम आलीच. दरवर्षी मुलांना तोच सल्ला मिळतो: "हसत राहा, जोरात वाजवा, चुकलात तर शेजारच्याकडे बघा." यातला शेवटचा सल्ला तर घातकच आहे. शेजारच्याकडे बघणारं मूल कायम अर्धा ठोका मागे राहतं, आणि त्याच्याकडे बघणारं त्याच्याही मागे. पथक फुटतं ते इथूनच.

इथे मी सोळा मुलं आणि तीस बाय वीस फुटांचं स्टेज धरलं आहे. आपल्याकडच्या शाळांत मैदानात मांडव घालून उभारलेलं स्टेज बहुधा एवढंच निघतं. तुमचं स्टेज मोजून घ्या. टेप लावून मोजा, पावलांनी नको.

तयारी

लेझीम तपासा. चकत्यांची तार सुटलेली असेल तर ती बोटात शिरते. पायात काही नको.

सराव दिवाळीनंतर सुरू करा. खानापूरकडे भाताच्या सुगीत निम्मी मुलं शेतावर असतात, हे धरूनच वेळापत्रक आखा.

हात आणि पाय

आधी चार आवाज (चार ठोक्यांचा प्रकार), मग आठ आवाज (आठ ठोक्यांचा), मग बैठक, म्हणजे खाली बसून वाजवणं. हे मुलांना लवकर जमतं. शिकवताना मुलांकडे तोंड करून उभे राहू नका, पाठ करून उभे राहा. समोरून दाखवलेला उजवा हात निम्म्या मुलांना डावा वाटतो.

मोजणीची भाषा एकच ठेवा. वर्गात कन्नड घरातली मुलं असतील तर खुशाल "ओंदु, येरडु" मोजा, पण निम्म्यांनी "एक, दोन" आणि निम्म्यांनी "ओंदु, येरडु" असं होऊ देऊ नका. आठवडाभरात तोंडची मोजणी बंद करून हलगीवर आणा. रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर लेझीम बसवायला माझा ठाम विरोध आहे. हलगीवाला मुलांकडे बघून ठेका सांभाळतो, एखादी रांग अडखळली तर एक आवर्तन जास्त वाजवतो. स्पीकरला मुलं दिसत नाहीत.

रांगेतून गोल

आता खरा अवघड टप्पा. माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न जागेचा. लेझीम उघडली की एका मुलाला आजूबाजूला मिळून पाच फूट लागतात. सोळा मुलांचा एकच गोल करायचा तर परिघ ८० फूट. ३.१४ ने भागा, व्यास साडेपंचवीस फूट येतो. स्टेजची खोली वीस! तरीही "सगळ्यांनी मोठा गोल करा" असं सांगणारे भेटतातच. मग मुलं आत दाटतात, लेझीम लेझमीवर आपटते आणि गोलाचा बटाटा होतो. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या लेझीमपटूंनी स्टेडियम गाजवलं होतं. त्यांच्याजवळ मैदान होतं. मैदानावरची रचना स्टेजवर जशीच्या तशी उतरत नाही.

म्हणून दोन गोल करा, एकात एक. बाहेर दहा मुलं, आत सहा. बाहेरचा व्यास सोळा फूट, आतला साडेनऊ. स्टेजच्या पुढच्या-मागच्या कडेला दोन-दोन फूट उरतात. तेवढे हवेतच, कमी करू नका.

हे जमण्यासाठी सुरुवातीची उभारणीच पाच, सहा, पाच अशी ठेवा. तीन रांगा, मधल्या रांगेतली मुलं पुढच्यांच्या फटीत. दोन रांगांत सहा फुटांचं अंतर. मधल्या सहांचा आतला गोल होतो, पुढची पाच आणि मागची पाच मिळून बाहेरचा.

आणि आता नीट वाचा: सगळ्यांना एकदम हलवू नका. मधल्या रांगेची टोकाची मुलं मध्यापासून साडेबारा फुटांवर असतात. पुढच्या-मागच्या रांगा आधी वळल्या तर ही दोन मुलं गोलाबाहेर अडकतात, आणि मग धावत फट शोधतात. म्हणून पहिले आठ ठोके फक्त मधल्या रांगेचे. टोकाची दोघं सरळ आत येतात, मधली दोघं प्रेक्षकांकडे पुढे सरकतात, उरलेली दोघं आत येत मागे जातात. तोवर पुढची-मागची रांग जागेवरच पावलं टाकते. पुढचे आठ ठोके बाहेरच्यांचे: पुढच्या रांगेचा मधला मुलगा दोन फूट पुढे, टोकं मागे आणि जराशी आत. मागच्या रांगेचं नेमकं याच्या उलट. चालताना सगळ्यांचे चार आवाजच, दुसरं काही नाही.

हे आधी लेझीमशिवाय बसवा, हात कमरेवर ठेवून. जमिनीवर खडूने आकडे काढून देऊ नका. मुलं मान खाली घालतात, आणि स्पर्धेच्या स्टेजवर ते आकडे नसतातच. "आत येताना मागे का बघायलायस?" असं सारखं विचारावं लागत असेल, तर त्या मुलाला त्याच्या पुढच्याचा खांदा दाखवा आणि सांगा, तो खांदा सोडायचा नाही.

गोल फिरवणे

बाहेरचा आणि आतला गोल एकाच वेळी एक फेरी पुरी करायला लावला तर बाहेरच्यांना पळावं लागतं, कारण त्यांचा परिघ ५० फूट आणि आतल्यांचा ३०. त्याऐवजी प्रत्येकाने "एक घर" पुढे जायचं, म्हणजे पुढच्या मुलाच्या जागी. घर दोन्हीकडे पाच फुटांचंच आहे. चार ठोक्यांत एक घर, सव्वा फुटाचं पाऊल, सगळ्यांना सारखं.

आतले सहा घरांनी, म्हणजे चोवीस ठोक्यांत, आपापल्या जागी परततात. बाहेरच्यांची अजून चार घरं बाकी असतात. त्या सोळा ठोक्यांत आतल्यांनी बैठक करायची. प्रेक्षकांना आतली मुलं खाली आणि बाहेरची फिरताना दिसतात, आणि प्रत्येक मूल नेमकं आपल्या घरी पोचतं. दोन गोल उलट दिशांनी फिरवायचा मोह पहिल्या वर्षी आवरा. त्यांच्यामध्ये जेमतेम सव्वातीन फूट असतात, पसरलेल्या हातांना ते पुरत नाहीत.

लेझीम हातातून पडली तर गोलात वाकायचं नाही. मोकळ्या हातांनी तसंच चालायचं, रांग झाल्यावर उचलायची. मुद्दाम एखाद्याला पाडायला लावून याचाही सराव घ्या, नाहीतर मागचं मूल वाकलेल्यावर आदळतं.

गोल सोडणे

क्रम उलटा. आधी बाहेरच्यांनी आठ ठोक्यांत आपल्या रांगा सरळ करायच्या, मग आतल्यांनी आठ ठोक्यांत पसरायचं. रांग लागली की हलगीची लय वाढवा, त्याआधी नाही. शेवटचा आवाज सगळ्यांनी मिटलेल्या लेझमीवर घ्यायचा, आणि पडदा पूर्ण पडेपर्यंत कोणीही ती खाली करायची नाही.