मेंटेनन्सच्या कामावर नव्याने लागणाऱ्यांसाठी

आयटीआय संपली की आमच्याकडची पोरं दोन वाटा धरतात. एक चाकण, सातपूर नाहीतर सुरतच्या कारखान्यांची. दुसरी ‘इथेच जळगाव-धुळ्यात कुठे चिकटता येईल का’ अशी. दुसऱ्या वाटेवरची पोरं बऱ्याचदा बागा, शाळा, नाट्यगृहं, दवाखाने आणि कचेऱ्यांच्या देखभालीत येतात. मीही तसाच आलो, इलेक्ट्रिशियन म्हणून. आज हाताखाली माळी, प्लंबर, वायरमन, निंदणीच्या बाया असा सगळा गोतावळा आहे. नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात जे सांगतो, ते इथे लिहितो.

आधी भरतीचं बघू, म्हणजे भ्रम राहणार नाही. माळी, वायरमन, व्हॉल्वमन या कायम जागांच्या जाहिराती क्वचित निघतात. खुल्या गटाला वयाची अट साधारण 38, राखीव गटाला 43. जाहिरात आली की अर्ज भरा, अभ्यास करा. पण तिच्याकडे डोळे लावून घरी बसू नका. रोजचं बहुतेक काम ठेकेदारामार्फत चालतं. ‘पैसे दे, आत चिकटवून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला चहा पाजू नका, पैसे तर लांबच.

ट्रेड कोणता घ्यावा, हेही पोरं विचारतात. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन वर्षांचे, प्लंबर एक वर्षाचा. माझं मत, विजेचा ट्रेड करावा आणि प्लंबिंग कामावर शिकावं. उलटं जमत नाही. विजेचं काम बघून बघून शिकलेला माणूस धोक्याचा असतो, स्वतःला आणि दुसऱ्यालाही. वायरमनचा परवाना काढायचा आळस करू नका. तो हातात असला की ठेकेदार बदलला तरी तुमची किंमत उतरत नाही.

आता कामाकडे. आमच्या कामाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, होळीला होतं. होळी झाली की ऊन तापायला लागतं, आणि मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात बाग जगवणं हीच माळ्याची खरी परीक्षा. साधा हिशोब लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटर लॉनला दिवसाला 6 मिलिमीटर धरले तरी सहा हजार लिटर लागतात. एवढं पाणी उन्हाळ्यात कुठल्याही गावात सहज मिळत नाही. म्हणून दुपारी पाइप धरून उभा असलेला माणूस दिसला की मला राग येतो. साहेबांना दिसावं म्हणून मारलेलं पाणी असतं ते, अर्धं हवेत जातं. पाणी पहाटे द्या, नाहीतर ऊन पूर्ण उतरल्यावर. आणि पाणी कमीच पडणार असेल तर लॉन पिवळी पडू द्या, झाडं वाचवा. लॉन पावसात पुन्हा उठते, वाळलेलं झाड उठत नाही. हे वरच्यांना पटवणं हा कामाचा अवघड भाग आहे, कारण लॉन फोटोत येते, झाडाचं मूळ येत नाही.

जळगाव हे ठिबकचं गाव. इथे प्रत्येकाच्या शेतात लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, पसरलेली, त्यामुळे बागेतल्या ठिबकबद्दल सगळ्यांना सगळं येतं असा समज असतो. प्रत्यक्षात बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी पांढरा थर बसतो, झाड कोमेजतं, आणि माळी म्हणतो, ‘ठिबक चालू तर आहे.’ पंप चालू असतो, ड्रिपर गळत नसतो. म्हणून एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं बूच, उघडून लॅटरल नियमित धुवा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशर गेजमध्ये अर्ध्या किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरवर) जास्त फरक दिसला की जाळी उघडून घासा. ॲसिड सोडायची वेळ आली तर ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे माहीत असतं, शहरातल्या पोराला सांगावं लागतं.

याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. माहेरी आलेल्या लेकी-सुना, पोरीबाळी, सगळ्यांना झोका हवा. गावाकडे निंबाच्या फांदीला दोर पडतो, शहरात बागेतल्या झोक्यांवर रांग लागते. लहान मुलांच्या झोक्यावर दोन-दोन बाया बसतात, त्यांना नाही म्हणणारा वॉचमन अजून जन्माला यायचाय. म्हणून आखाजीच्या आधी प्रत्येक झोक्याची साखळी हातात घेऊन बघायची. लांबून बघून काही कळत नाही. वरच्या आडव्या पाइपाला जिथे कडी अडकते, तिथे लोखंड लोखंडावर घासतं. कडी बाहेरून जाड दिसते आणि आतल्या अंगाने झिजून अर्धी झालेली असते. बोट फिरवलं की खाच लागते. खाच लागली की कडी बदला, वेल्डिंगचा टाका मारून भागवू नका. झाडाला कोणी स्वतःचा दोर बांधत असेल तर गुलमोहर आणि पेल्टोफोरमवरून तो सोडवायला लावा. ही झाडं दिसायला भरदार, पण लाकूड ठिसूळ. निंब त्या मानाने भरवशाचा. आणि घसरगुंडीचा पत्रा दुपारी बाराला आपल्या तळहाताने तपासा. आपला हात टेकवत नसेल तर पोरांच्या मांड्यांचं काय होत असेल? दुपारी ती दोर लावून बंदच ठेवायची.

मेच्या शेवटी वादळ येतं. त्या वादळात रावेर-यावलकडे केळी आडवी होते, शहरात फांद्या पडतात. छाटणी त्याच्या आधी व्हायला हवी, पण कुऱ्हाड घेऊन सुटू नका. शहरातलं झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि 50 वर्षांवरच्या झाडांना आता वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण आहे. नगरसेवकाने फोनवर ‘तोडून टाक’ म्हटलं, तरी कागद मागा. पुढे चौकशी झाली तर ‘कोणी तोडलं’ एवढंच विचारतात.

मोटारीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या वायरमनचे हात पहिल्यांदा इथेच अडकतात. बागेतली पाच एचपीची थ्री-फेज मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र) पूर्ण भारावर साधारण सात ते आठ अँपिअर घेते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटार बंद करणारा भाग, त्याच हिशोबाने लावलेला असतो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, मोटार जास्त करंट ओढते, रिले ट्रिप होतो. मग कोणीतरी हुशार माणूस स्क्रू-ड्रायव्हरने रिलेचा काटा बारा अँपिअरवर नेऊन ठेवतो. ट्रिपिंग थांबतं, सगळे खूश. पुढे कधीतरी एक फेज जातो, मोटार घूं घूं करत उभी राहते आणि वाइंडिंग जळून पॅनलच्या खोलीत वास सुटतो. नव्या जागेवर गेलात की पहिल्यांदा रिलेचा काटा कुठे आहे ते बघा, मोटारीच्या प्लेटवरचा आकडा वाचा, आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर मागणी टाका. ट्रिप होणारी वस्तू तुम्हाला त्रास देत नसते, ती काहीतरी सांगत असते. आमचे जुने मुकादम, सगळे त्यांना आबा म्हणत, अहिराणीत एवढंच म्हणायचे, ‘पहिले देख, मंग हात लाव.’

इमारतींचं खरं काम पावसाच्या आधी गच्चीवर असतं. मृगाच्या तोंडावर प्रत्येक गच्चीवर जायचं म्हणजे जायचं. पन्हळीच्या तोंडाशी निंबाची पानं, कबुतरांची पिसं, गेल्या वर्षीच्या फ्लेक्सचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या यांचा गोळा असतो. तो काढायला दहा मिनिटं लागतात. नाही काढला तर पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं आणि शाळेत चौथीच्या वर्गात पाणी. जाळी बसवा, पण जाळी बसवली म्हणजे काम संपलं असं नाही. जाळीवरच पानं साचतात.

गळती शोधताना एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. छताला ओल जिथे दिसते, तिच्या बरोब्बर वर भेग नसते. पाणी कोब्याच्या खाली सरकतं, सळईच्या किंवा वायरिंगच्या पाइपाच्या कडेने चालतं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. ती वाट बऱ्याचदा पंख्याच्या हुकाची असते. म्हणून पंख्याजवळ ओल दिसली की आधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा, मग बाकीचं. शोधायची रीत जुनीच आहे: गच्चीचा थोडा भाग विटा-मातीने बांध घालून अडवायचा, पन्हळीला बोळा मारायचा आणि पाणी निदान 24 तास उभं ठेवायचं. मग दुसरा भाग. वेळ जातो, पण डांबर कुठे ओतायचं ते कळतं. सगळ्या गच्चीवर पांढरा रंग फासून ‘वॉटरप्रूफिंग झालं’ म्हणणारे ठेकेदार भरपूर आहेत.

तापीकाठची काळी माती हा वेगळाच विषय. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. वर टाकलेले पेव्हर ब्लॉक उचलतात, आवारभिंत कलते, जमिनीतल्या पाइपाचे जॉइंट निसटतात. दरवर्षी एकाच ठिकाणी पाइप फुटत असेल तर प्लंबरला शिव्या देऊ नका. खाली माती किती आहे, मुरूम घातलाय का, ते बघा. पाइपाखाली आणि भोवती वाळू-मुरूम भरला, जॉइंटला थोडी ढील ठेवली, की तोच पाइप टिकतो.

उंच इमारतीत गेलात तर आणखी एक हिशोब. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे सुमारे एक किलोचं प्रेशर. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीएवढ्या उंचीवर एकच टाकी ठेवून सगळीकडे थेट पाणी सोडलं, तर तळमजल्याच्या नळावर पाच किलोच्या आसपास प्रेशर येईल. मग वॉशर रोज बदलत बसा. अशा ठिकाणी वॉशर बदलणं ही दुरुस्ती नव्हे, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हवा.

आगीचे सिलिंडर भिंतीला टांगून विसरण्यासाठी नसतात. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघा. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. हे तुमचं काम नाही असं वाटेल, पण ऑडिटवाले आले की कुठल्या कॉलमचं प्लास्टर फुगलंय आणि कुठली सळई गंजून बाहेर आलीय, हे साहेब तुम्हालाच विचारतात.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे सरळ नाही म्हणायचं. सेप्टिक टाकी किंवा गटाराच्या चेंबरमध्ये ‘जरा उतरून बघ’ असं कोणीही म्हटलं, कितीही गोड बोलून, तरी उतरायचं नाही. आत वायू साचलेला असतो, माणूस ओरडायच्या आत खाली पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मैला उपसायची गाडी मागवायला सांगा.

पावसात गवत वाढलं की ब्रश कटर निघतो. डोळ्यांवर गॉगल, पायात गमबूट, आणि 15 मीटरच्या आत दुसरं माणूस नको, कारण पात्याखालून खडा गोळीसारखा सुटतो. गवतात नाग, घोणस असतात. साप दिसला तर काठी शोधू नका, सर्पमित्राचा नंबर पॅनलच्या दारावर लिहून ठेवा. निंदणीच्या बायांना गमबूट मिळत नाहीत, हे मी जवळजवळ प्रत्येक ठेक्यात पाहिलंय. तुमची मागणी लिहिताना त्यांचीही लिहा. त्या स्वतः लिहीत नाहीत, साहेबांसमोर बोलतही नाहीत.

लिहिण्यावरून आठवलं. एक साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, जागा, काय बिघडलं, काय केलं, काय सामान लागलं, कोणाला कळवलं. या कामात नीट चाललेलं कोणाला दिसत नाही. लाइट लागतो, पाणी येतं, झोका तुटत नाही, मग लोक म्हणतात, ‘ही माणसं दिवसभर करतात काय?’ वही त्याला उत्तर देते. शिवाय एकाच शाळेचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा) एका उन्हाळ्यात तीनदा लिहिलेला दिसला की बॉलकॉक दोषी नाही, टाकीत दुसरं काहीतरी आहे, हे तुमच्याच अक्षरात समोर येतं. मोबाइलवर फोटो काढा, पण वही सोडू नका. मोबाइल बदलतो, पाण्यात पडतो.

आता पैशाचं. पगार किमान वेतनाच्या आसपासच राहतो, तो मोठा नाही. पण किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याचा दर विचारून घ्या. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के कापला जातो, तेवढीच रक्कम मालकाने भरायची असते. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होते: तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. पगारातून कापलं म्हणजे भरलंच असं समजू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, घ्या, पासबुक स्वतः उघडून बघा. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कार्यालयाचं काम करता, त्याचीही जबाबदारी असते. अर्ज तिथे लेखी द्या आणि पोच घ्या.

ठेका बदलायच्या महिन्यात जास्त सावध राहा. जुना ठेकेदार हिशोब लांबवतो, नवा म्हणतो जुन्याचं मला सांगू नका. हजेरीच्या पानांचे फोटो, पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, वायरमन परवान्याची प्रत हे सगळं एका फाइलमध्ये घरी ठेवा, स्टोअररूममध्ये नाही. नव्या ठेकेदाराकडे रुजू होताना जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. आणि पहिल्याच दिवशी मागून घ्यायच्या वस्तू: टेस्टर नाही, चांगला मल्टिमीटर, रबरी हातमोजे, आणि किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक किल्लीला नाव लिहून.