जुन्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन सुरू होत नसेल तर

केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सुविधा) चालत नाही म्हणून लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. आधी लिनक्समध्ये सीपीयूइन्फो फाइल उघडा आणि फ्लॅग्जच्या ओळीत, म्हणजे प्रोसेसरच्या सुविधांच्या यादीत, इंटेलसाठी व्हीएमएक्स, एएमडीसाठी एसव्हीएम शोधा. फ्लॅग दिसला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद असलं तरी तो दिसतो. खरं उत्तर कर्नल लॉगमध्ये मिळतं: तिथे केव्हीएमच्या नावाने 'डिसेबल्ड बाय बायोस' अशी ओळ असेल तर दुखणं सेटिंगचं आहे, चिपचं नाही.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बहुधा प्रोसेसर किंवा ॲडव्हान्स्ड मेनूत असतो. इंटेलचं व्हीटी-डी त्याहून वेगळं, ते नेटवर्क किंवा ग्राफिक्ससारखं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायला लागतं. बदल सेव्ह केल्यावर नुसतं रिबूट करू नका. सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, थोडं थांबून मग चालू करा. हे सेटिंग प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये लॉक होतं आणि काही मशीनवर साध्या रिबूटने ते लॉक सुटत नाही. बरेच जण नेमके इथेच अडकतात.

सर्व्हरच एखाद्या हायपरवायझरवर, म्हणजे स्वतःच व्हर्च्युअल मशीन म्हणून, चालत असेल तर फ्लॅग आतून कदाचित दिसणार नाही. तसं असेल तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन) बाहेरच्या हायपरवायझरवरून चालू करावं लागेल.

इंटेलमध्ये ईपीटी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या मेमरीचे पत्ते प्रोसेसरमध्येच जुळवण्याची सोय, 2008 च्या नेहॅलेम प्रोसेसरपासून आलं. त्याआधीच्या झिऑनवर (इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरवर) केव्हीएम चालतं, पण मंद. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही 2016 तर इंटेलवर ईपीटीशिवाय चालतच नाही.