मित्रांच्या बैठकीत चहा बिघडतो कुठे? या चुका टाळा

हल्ली आमच्याकडे खेड्यातल्या बैठकीतही चहाचे तीन-चार प्रकार निघतात. कोणी दार्जिलिंगहून पुडा आणलेला असतो, कोणाच्या मुलीनं पुण्याहून ग्रीन टी पाठवलेला असतो, कोणाच्या बांधावर गवती चहाचं बेट माजलेलं असतं. हे फार चांगलं चाललं आहे. वाईट एवढंच वाटतं की यातलं काहीही हाती आलं की आपण ते गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकतो, वरून साखर-दूध ओततो आणि खळाखळा उकळतो. मग म्हणतो, "यापेक्षा आपला चहा बरा."

आपला रोजचा दाणेदार चहा म्हणजे सीटीसी, म्हणजेच क्रश-टिअर-कर्ल. पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याचे दाणे करतात. १९३० च्या सुमारास आसामात ही पद्धत निघाली. तो झटकन रंग सोडतो, कडक उतरतो, दुधाला पुरून उरतो. त्याला उकळा, तो त्यासाठीच आहे. अख्ख्या पानाचा चहा तसा नाही. दार्जिलिंगचा पहिला तोडा फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत निघतो. त्या पानाला फुलासारखा हलका वास असतो, आणि दहा मिनिटं उकळलं की तो वास वाफेबरोबर छपराला जातो. मागे उरतो फक्त तुरटपणा. पाण्याला उकळी आली की आच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, माणशी एक चमचा पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. दूध नको. पहिला कप साखरेशिवाय प्या, मग हवी तर घाला.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात चहा बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्याकडे कोणी बघतच नाही.

दर्यापूरकडे एका मित्राच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. एकानं मोठ्या हौसेनं दार्जिलिंगचा पुडा आणला होता. बोअरचं पाणी चुलीवर ठेवलं, बाकी सगळं नीट केलं, आणि गिलासात उतरला मातकट काळपट चहा. वर तेलकट साय. गिलास हलवला की ती साय बर्फासारखी तडकून तुकडे व्हायची. वास नाहीच. लगेच सुरू झालं, "फसवलं लेका तुले त्या दुकानदारानं!" पुडा आणणारा बिचारा गप्प. तेवढ्यात मित्राची आई सुपात हुरडा घेऊन आली, तिनं गिलासात डोकावलं आणि म्हणाली, "आमच्या इथल्या पाण्यात डाळ शिजत नाई बापू, चहा काय चांगला होईन!"

तिनं बरोबर ओळखलं होतं. पिण्यासाठी फिल्टरच्या पाण्याचा कॅन आणलेला होता. मी त्यातलं पाणी घेतलं, त्याच पुड्यातली पत्ती, तोच वेळ. दोन्ही गिलास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारी ठेवले. एक डबक्यासारखा, दुसरा सोनेरी. तळाशी पडलेलं पत्तीचं बारीक पान दिसत होतं. मग कोणी दुकानदाराचं नाव काढलं नाही.

कारण सोपं आहे. पाण्यातला कॅल्शियम चहातल्या तुरट द्रव्यांना धरतो आणि ती साय बनते. पाण्यात खारे सोड्यासारखे क्षार असले की रंग गडद होतो आणि चव बोथट पडते. काश्मिरात नून चहाला, म्हणजे मिठाच्या चहाला, सोडा मुद्दाम घालतात, रंग काढायलाच. पण तिथं चहा तासभर आटवायचा असतो आणि नंतर दूध-मीठ पडतं. आपल्या दार्जिलिंगला तो सोडा नको. घरच्या पातेल्याच्या आत पांढरा थर बसत असेल तर चांगल्या चहासाठी ते पाणी वापरूच नका. धरणाच्या नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वेगळं भरून ठेवा. मी तर बाहेरगावी बैठकीला जाताना पत्तीच्या आधी पाण्याची कॅन गाडीत टाकतो. लोकांना ते अती वाटतं. मला वाटत नाही.

दुसरी चूक गुळाच्या चहाची, आणि ती हौशी मंडळी हटकून करतात. दूध-पाणी-पत्ती उकळतंय, त्यात गुळाचा खडा टाकला, की दूध फाटलं. मग दुधाला शिव्या. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. पत्ती, अद्रक, विलायची पाण्यात उकळा. आच बंद करा. आता गूळ घाला, विरघळू द्या. दूध दुसऱ्या भांड्यात गरम करून शेवटी ओता आणि परत आचेवर चढवू नका. "एवढी दोन भांडी कोण घासणार?" असं विचारणाऱ्यानं साखरेचा चहा प्यावा. अद्रकाचंही तेच: कच्चं अद्रक थेट दुधात पडलं की दूध फाटायची भीती, आधी पाण्यात दोन मिनिटं उकळलं की काही होत नाही.

ग्रीन टी कडू होतो, अशी तक्रार घराघरात आहे. उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं विसरला तर कडूच होणार. त्याला पाऊणशे-ऐंशी अंशाचं पाणी लागतं. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी एका गंजातून दुसऱ्यात दोनदा ओता, चार मिनिटं थांबा, मग पत्ती. दोन मिनिटांत गाळा. पिशवीचा असेल तर पिशवी चमच्यानं दाबून पिळू नका.

काश्मिरी कहवा आला की केशर, दालचिनी, बदाम सगळं घालतात आणि शेवटी सवयीनं दूधही ओततात. दूध नको.

लिंबू आच बंद झाल्यावर, तेही कपात पिळा.

गवती चहाची पात कात्रीनं बारीक कापून तासभर उकळू नका. दोन-तीन गाठी मारा, पाच मिनिटं पुरे.

पत्ती तिखट-हिंगाच्या डब्याशेजारी ठेवू नका, दोन दिवसांत वास धरते.

आठवडी बाजारातली सुटी पत्ती घेणार असाल तर चिमूटभर ओल्या पांढऱ्या टीपकागदावर टाका. लगेच रंगाचे डाग पसरले तर रंग मारलेली समजा. चांगली पत्ती थंड पाण्यात हळूहळू रंग सोडते.

राजेहो, नव्यानं शिकणाऱ्यांना एक सांगतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून एकदम आठ-दहा पुडे मागवू नका. ते उघडे पडून राहतात, दमट होतात, आणि एकाचीही नीट ओळख होत नाही. एक चांगला दाणेदार घ्या, एक पानाचा घ्या, महिनाभर तेवढेच करा. वेळ कमी-जास्त करून बघा. तुमच्या पाण्याला, तुमच्या भांड्याला किती मिनिटं लागतात ते कोणत्याही पुड्यावर छापलेलं नसतं.

बैठकीत दोन-तीन प्रकार एकाच दिवशी प्यायचे असतील तर क्रम पाळा. हलका आधी, कडक शेवटी: ग्रीन टी, मग दार्जिलिंग, मग आपला अद्रकाचा. आमच्याकडे हुरड्यासोबत लसणाचा ठेचा ठरलेला, आणि ठेच्यानंतर अर्धा तास जिभेला काही कळत नाही. म्हणून दार्जिलिंग हुरडा भाजायच्या आधीच करून घ्या, जाळाच्या धुरापासून दूर, झाकण लावून. गाळलेली पत्ती फेकू नका. ती पानं आता उमललेली असतात, त्यावर दुसरं गरम पाणी पडतं. या वेळी तीनऐवजी चार मिनिटं द्या. अद्रकाचा चहा हुरडा आटोपल्यावर मांडा, गुळाची वाटी शेजारी वेगळी ठेवा आणि ज्याला हवा त्यानं आपल्या गिलासात घालावा.